दुखत नाही म्हणून



कामाच्या जागी तासन्‌तास पायावर भार राहिला की पायाची बोटं बधिर होतात. आज त्याबद्दल बोलायचं आहे. निर्मल-निजामाबाद पट्ट्यात बाया घरोघरी बिड्या वळतात. मांडीवर सूप असतं, मजुरी हजारावर मिळते, त्यामुळे उठणं म्हणजे खोटीच. शेतात खुरपणीला उकिडवं बसून पुढे सरकायचं असतं. जिनिंगमध्ये आणि दुकानांत दिवस उभ्याने जातो. यांना ‘बोटं बधिर होतात का?’ असं विचारलं, की उत्तर येतं, ‘ते रोजचंच, उठलं की जातं.’ या ‘रोजचंच’ची मला काळजी वाटते. दुखणं माणसाला दवाखान्यात आणतं; बधिरपणा दुखत नाही, म्हणून तो अंगावर काढला जातो.

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडं खाली चाचपून पाहा. हाडाचा गोल उंचवटा लागेल. त्याला वळसा घालून एक मज्जातंतू पावलाकडे उतरतो. तिथे तो कातडीच्या लगेच खाली, हाडाला टेकून असतो. स्नायूची गादी नाही. मांडी घातली किंवा उकिडवं बसलं की तो दाबला जातो. त्याचा रक्तपुरवठा कमी पडतो, संदेश अडतात आणि पावलाची वरची बाजू व बोटं बधिर होतात. परदेशात स्ट्रॉबेरी तोडणाऱ्या मजुरांत हा आजार इतका दिसला, की त्यांच्या कामावरूनच त्याला नाव पडलं. खुरपणीची बैठक त्यांच्या बैठकीहून वेगळी नाही. उभ्याने काम करणाऱ्यांचं निराळं: सगळा भार चवड्यावर येतो, त्यात चप्पल किंवा बूट निमुळता असला तर तिसऱ्या-चौथ्या बोटांमधली नस चेपते.

पाय मोकळा केल्यावर मुंग्या येऊन काही मिनिटांत जाग आली, तर घाबरू नये. पण दाब रोजचा झाला की नसेवरचं वेष्टण झिजतं. एवढ्यावर थांबलं तर काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत ते भरून येतं. आतला धागाच तुटला, तर तो दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. गुडघ्यापासून बोटांपर्यंत पोचायला वर्षाहून जास्त काळ लागू शकतो. चालताना चवडा उचलेना, चप्पल पायातून निसटायला लागली, तर एक दिवसही थांबू नका.

प्रत्येक बधिरपणा बैठकीचाच असतो असं मात्र नाही. दोन्ही पायांत बोटांपासून सुरू होऊन वर चढत असेल तर साखर तपासा. अंगावर न खाजणारा, स्पर्श न कळणारा फिकट चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करा. त्या आजारात गुडघ्याजवळची हीच नस सुजू शकते. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि वेळेत घेतली तर अपंगत्व टळतं. कमरेतून कळ उतरत असेल तर मूळ मणक्यात शोधावं लागतं.

इटलीचे वैद्य रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला ‘काम काय करता?’ हे विचारा, असा त्यांचा आग्रह होता. आमच्या डॉक्टरमंडळींनी तो आजही पाळावा. मालकांनाही माझी विनंती आहे. उभ्याने काम करावं लागणाऱ्यांसाठी बसायची सोय हवी, असं १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४४ व्या कलमानेच सांगितलं होतं. दुकानांतल्या कामगारांसाठी केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये बसण्याचा हक्क कायद्यात आणला. एका स्टुलाला किती पैसे लागतात?

बहिणींनो, अर्ध्या तासाने एकदा उठा, मांडी बदला, बुडाखाली पाट किंवा जाड घडी घ्या. खुरपताना बसायला बुटका पाट घ्या, थोड्या वेळाने उभं राहून टाचांवर चार पावलं चाला. आणि आपल्या भैंसा गावात कापसाला तोटा नाही: आठवड्यातून एकदा डोळे मिटून बसा आणि घरातल्या कुणाला तरी बोटाबोटाला कापूस टेकवायला सांगा. एखाद्या बोटाला कापूस कळला नाही, तर ते दुखायची वाट न बघता दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठा. त्या दिवसाची मजुरी बुडेल. पण पाय हातचा गेला तर पुढची सगळीच बुडेल.