मैदानामागचा कारभारी

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये संघाचा प्रवास, मुक्काम, जेवण, वेळापत्रक सांभाळणारा संचालक अनेकदा विद्यार्थिदशेतच संघाचे चेंडू पुसत, टॉवेल मोजत तयार होतो. मग पदवीनंतर सहायकाची तुटपुंज्या पगाराची नोकरी, पुढं बढती. ओहायो विद्यापीठानं १९६६मध्येच क्रीडा-प्रशासनाची पदव्युत्तर पदवी सुरू केली. मग ही हमाली कशाला, असं कुणी विचारेल. पण हंगामात सराव-बैठकांना आठवड्याला २० तासांचीच मुभा असते. शंभरेक खेळाडूंचं जेवण लांबलं, तर नेमकं कुठलं सत्र छाटायचं, हा अंदाज पदवीनं येत नाही. तो हाताखाली राबूनच येतो. मात्र या पायरीवर घरची ऐपत नसलेली हुशार मुलं गळतात, हा आक्षेप मला पूर्ण पटतो. विद्यापीठांनी तिथं पोटापुरता पगार द्यायलाच हवा.