शाळेचे दप्तर परक्या कोठारात

(कापूरहोळ येथील शिक्षकमेळाव्यात केलेले भाषण)



या कापूरहोळच्या तिठ्यावरून माल पुण्यास जातो, भोरास जातो, सासवडासही वळतो. मालधन्यास वाट मोकळी असते. शाळेची छायाचित्रे, पत्रके व पाठ आपण इंटरनेटवरील ज्या कोठारांत ठेवतो, त्यांची आत जाण्याची वाट रुंद आणि बाहेर पडण्याची अरुंद असते.

गूगल फोटोजमध्ये २०१५ पासून ठराविक प्रतीची छायाचित्रे हवी तितकी विनामूल्य ठेवता येत. १ जून २०२१ पासून ही सवलत बंद झाली. नवी भर १५ जीबीच्या मर्यादेत धरली जाऊ लागली, आणि टपाल व ड्राइव्हही त्यातच मोजले जातात. कंपनीने फसविले असे मी म्हणत नाही. सूचना सहा महिने अगोदर दिली होती. पण बिऱ्हाड हलवावयास निघाले म्हणजे अडचण कळते. २०११ पासून 'टेकआउट' नावाची सोय आहे. तिच्याद्वारे संग्रह झिप गठ्ठ्यांत मिळतो. तथापि चित्राखाली लिहिलेला मजकूर निराळ्या फायलीत येतो, आणि तो दुसऱ्या कोठारात आपोआप जुळेलच असे नाही. पालकांस पाठविलेले दुवे तर जुन्याच जागेकडे बोट दाखवीत राहतात. श्रीलिपीसारख्या जुन्या टंकांतील मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक अक्षरे होऊन उमटतो, हे आपण पाहिलेच आहे. दुखणे त्याच जातीचे.

युरोपीय संघात २५ मे २०१८ पासून आपली माहिती वापरण्याजोग्या रूपात परत मागण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. आपल्याकडील २०१९ च्या विधेयकात तो होता. २०२३ च्या कायद्यात तो उरला नाही.

याहून मोठा धोका मला घरचाच वाटतो. शाळेचे कागद पुष्कळदा एखाद्या गुरुजींच्या खाजगी खात्यात असतात. त्यांची बदली होते, आणि किल्ली त्यांच्या मोबाईलबरोबर जाते. शिवाय दोन वर्षे न वापरलेली खाजगी खाती गूगल डिसेंबर २०२३ पासून काढून टाकू लागले आहे. म्हणून खाते शाळेच्या नावे असावे व कार्यभार देता-घेताना चार्ज यादीत त्याची नोंद व्हावी. वर्षअखेरीस पाठ पीडीएफ रूपात आणि पत्रके सीएसव्ही रूपात उतरवून शाळेच्या हार्ड डिस्कवर ठेवावीत, व ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावीत. नवे कोठार घेण्यापूर्वी दहा फायली आत घालून त्या जशाच्या तशा बाहेर येतात की नाही, याची परीक्षा करावी. मुलांची नावे व आधार क्रमांक असलेली पत्रके मात्र त्या परीक्षेस घेऊ नयेत.