दोन सरासरींचा प्रश्न

बंदिस्त पात्रातील वायूचा दाब मोजणारे उपकरण काही काळातील सरासरी नोंदवते, तर सांख्यिकीय यामिकी तोच दाब समान ऊर्जेच्या सर्व संभाव्य सूक्ष्म अवस्थांच्या सरासरीवरून सांगते. या दोन सरासरी जुळतात, या गृहीतकाला एर्गोडिकता म्हणतात. लुडविग बोल्ट्झमान यांच्या नावाशी जोडलेली मूळ कल्पना, म्हणजे व्यवस्था कालांतराने प्रत्येक अवस्थेतून जाते ही, शब्दशः घेतल्यास अशक्य ठरते, हे रोझेन्थाल आणि प्लांशेरेल यांनी १९१३ मध्ये सिद्ध केले. पुढे १९३१ मध्ये बर्कहॉफ यांच्या प्रमेयातून असे निष्पन्न झाले की, ज्या व्यवस्थेचा अवस्थावकाश, म्हणजे कणांची सर्व स्थाने व संवेग दर्शवणारा अमूर्त अवकाश, परस्परांत न मिसळणाऱ्या भागांत दुभंगत नाही, तिच्यात जवळजवळ प्रत्येक आरंभस्थितीसाठी दोन्ही सरासरी एकच येतात.

गणित निर्दोष आहे. पण प्रमेय अनंत काळाविषयी बोलते आणि प्रयोग तर काही सेकंदांत उरकतो. म्हणून खिंचिन यांनी भर दिला तो कणांच्या प्रचंड संख्येवर : कणनिहाय बेरजेने मिळणाऱ्या राशी बहुतेक सर्व अवस्थांत जवळपास सारख्याच असतात, त्यामुळे काटेकोर एर्गोडिकतेची फारशी गरज उरत नाही. हा मार्ग भौतिकीला अधिक मानवणारा आहे. तरीही गतीचे नियम बाजूला सारता येत नाहीत. फर्मी, पास्ता व उलाम यांनी मेरी त्सिंगू यांच्या साहाय्याने लॉस अलामॉस येथील संगणकावर अरेखीय स्प्रिंगांनी जोडलेल्या कणांची साखळी अभ्यासली, तेव्हा ऊर्जा सर्व कंपनप्रकारांत समान वाटली न जाता बव्हंशी पहिल्याच प्रकारात परतली, असे १९५५ चा त्यांचा अहवाल नोंदवतो.