सोळा बोअरची बंदूक

लोहाऱ्यात आमच्या घरी एक दुनळी बंदूक होती. आजोबांनी पीक राखायला परवान्यावर घेतलेली. हरणाला १९७२ च्या कायद्याने संरक्षण आहे, त्यामुळे तुरीत कळप शिरला की बार निघायचा तो नुसत्या आवाजासाठी. गावातल्या बाकीच्या बंदुका १२ बोअरच्या, आमची तेवढी १६ ची. वजनाला हलकी, खांद्याला दणका कमी, म्हणून आजोबांच्या मनात भरली. निस्तरलं मात्र वडिलांनी.

बोअर म्हणजे काय? नळीत नेमकी बसेल अशी शिशाची गोळी घ्या. अशा १२ गोळ्या मिळून एक पौंड भरला तर १२ बोअर, १६ लागल्या तर १६. आकडा वाढला की नळी अरुंद. १२ ची नळी साधारण १८.५ मिलिमीटर, १६ ची १६.८.

फरक दीड-पावणेदोन मिलिमीटरचा, पण हेलपाटे केवढे! १२ ची काडतुसं पुण्याजवळ खडकीच्या कारखान्यात बनत आली, दुकानात सहसा मिळायची. १६ साठी वडील एसटीने सोलापूरला जायचे आणि पुष्कळदा हात हलवत परत यायचे. मिळाली तरी मनाला येईल तेवढी घेता येत नाहीत; एका वेळी किती, वर्षाला किती, हे परवान्यावरच लिहिलेलं असतं.

एकदा एका दुकानदाराने १६ चीच, पण ७० मिलिमीटरची काडतुसं दिली. आमची जुनी बंदूक ६५ ची. काडतुसाचं तोंड दुमडलेलं असतं, म्हणून ते आत बसतं. बार होताना ते उलगडायला जागा राहत नाही आणि दाब नको तितका वाढतो. वडिलांनी ती परत केली, भाडं अंगावर पडलं.

आजोबांच्या वेळची कागदी काडतुसं पावसाळ्यात ओल धरून फुगायची, नळीत शिरायचीच नाहीत. आजी ती पत्र्याच्या डब्यात, चुलीपासून लांब, कुलपात ठेवायची. दागिन्यांना एवढं जपलं नसेल तिने!

वडील गेले. परवाना वारसाला आपोआप मिळत नाही, म्हणून बंदूक उरलेल्या ७ काडतुसांसह ठाण्यात जमा केली. धाकटा म्हणतो, कायमची देऊन टाक. रानडुकरं मात्र यंदाही ज्वारी लोळवून गेली. मी नवा अर्ज आणलाय. कारणापुढे ‘पीक संरक्षण’ लिहिलं. बोअरचा रकाना अजून कोरा आहे.