बस थांबते तिथून पुढे

(चिमूर येथे महिला बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणावरून)



सहलीहून आलेल्या बाईला सगळे विचारतात, काय काय पाहिलं? सोबत कोण होतं आणि त्या आता कुठे आहेत, हे कोणी विचारत नाही. मला त्यावरच बोलायचं आहे.

गेल्या हिवाळ्यात आपण बावीस जणी धानोऱ्याजवळच्या मेंढा-लेखाला गेलो. तिथल्या ग्रामसभेने २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. तिथे निर्णय बहुमताने नाही, सर्वांच्या सहमतीने होतात. आपल्या बैठकीत कधी तोंड न उघडणाऱ्या एकीनं तिथे विचारलं, "बाईनं नाही म्हटलं तर थांबते का निर्णय?" थांबतो, असं उत्तर आलं. ती परतीच्या वाटेवर तेच बोलत होती.

मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे. पैशाची अडचण त्यामुळे निम्मी झाली, परवानगीची मात्र तेवढीच राहिली. एकटी जाते म्हटलं असतं तर बहुतेकींना घरातून निघता आलं नसतं. एकवीस जणी सोबत आहेत म्हटल्यावर सासूलाही नाही म्हणता येईना. गटाचा हा उपयोग मला फार मोलाचा वाटतो. पुरुषाला गावाला जायला निमित्त लागत नाही, आपल्याला अख्खी मंडळी लागते.

शेजारच्या वरोऱ्याचे बाबा आमटे १९८५-८६ साली कन्याकुमारीहून काश्मीरकडे भारत जोडो यात्रा घेऊन गेले. सायकलींवरच्या शंभराहून अधिक तरुणांत मुली सोळा होत्या. त्या सोळा घरांत निघण्याआधी काय बोलणं झालं असेल, आणि परतल्यावर काय? यात्रेच्या किलोमीटरांपेक्षा मला याची उत्सुकता जास्त आहे.

तर परतीचा प्रवास. धानोरा, गडचिरोली, नागभीड, अशा गाड्या बदलत आलो. कान्पा मागे पडलं तशी गाणी बंद झाली. कोणी पदर नीट केला, कोणी पिशवी आवरली. एक म्हणाली, "ताई, मले तं वाटे का बस पंक्चर व्हावी." सगळ्या हसल्या, पण थोडंच. शंकरपूरला पाच जणी उतरल्या, त्यांना खिडकीतून सगळ्यांनी हात केले. चिमूरला तेरा पांगल्या. खडसंगीच्या बाजूच्या चौघी पुढच्या गाडीची वाट पाहत राहिल्या. शेवटची उतरली तेव्हा तिला निरोप द्यायला कोणी उरलंच नव्हतं. फाट्यापासून घरापर्यंत अंधार, आणि ताडोबाच्या कडेला अंधार म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. घरी नवरा आठ दिवस बोलला नाही. त्या आठ दिवसांत आपल्यापैकी कोणी तिच्या दारात गेलं असतं तर? फोन नंबर आपण घेतले होते. पण निम्मे नंबर नवऱ्याचे नाहीतर मुलाचे.

याच चिमूरहून डिसेंबर २०१० मध्ये श्रमिक एल्गारच्या पारोमिता गोस्वामी यांच्यासोबत हजारो बाया नागपूरला विधानभवनाकडे पायी गेल्या. मागणी एकच, चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी. १ एप्रिल २०१५ पासून बंदी लागू झाली, २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. बंदीनं किती साधलं यावर मतभेद आहेत, आपल्या मेळाव्यातही आहेत, असू देत. मला मोर्चा संपल्यानंतरची संध्याकाळ महत्त्वाची वाटते. नागपुरात हजारोंच्या गर्दीत घोषणा देणं एक वेळ सोपं. परत आल्यावर बाईला गावात ज्याच्याविरुद्ध बोलली त्याच दुकानासमोरून पाण्याला जावं लागतं. तेव्हा सोबत चालणारी एक बाई गावात असेल तर ती टिकते. एकटी असेल तर तिला गप्प बसवायला फार वेळ लागत नाही.

म्हणून माझी सूचना आहे. पुढच्या सहलीला एका गावातून एकच बाई घ्यायची नाही, किमान दोघी. निघायच्या आधीच उतरण्याची यादी करायची: कोण कुठे उतरणार, फाट्यावरून कोण कोणासोबत चालणार. शेवटच्या थांब्यावरच्या बाईला त्या रात्री अलीकडच्या गावात मुक्काम करायचा असेल तर ते घरी आधी सांगून ठेवायचं. आणि परतल्यापासून आठ दिवसांच्या आत सगळ्यांनी पुन्हा भेटायचं, त्याची तारीख बसमध्येच ठरवायची. फोटो बघायला म्हणून या, घरी तसंच सांगा.

यादीची वही मी आणली आहे. खडसंगीकडच्या बायांनी आधी नावं लिहावीत.