नाव सांगण्याचा संकोच
(शताब्दी महोत्सवात तरुण गायक-वादकांपुढे केलेले भाषण)



कलावंताने स्वतःविषयी बोलू नये, उत्तम गावे, लोक आपण होऊन बोलावतील, असा संस्कार माझ्या पिढीवर होता. ग्वाल्हेरला दरबार होता तोवर ते काही अंशी खरेही असेल. परंतु ज्यांच्या गायकीचे मूळ याच नगरीत आहे, त्या पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी राजाश्रयावर विसंबणे सोडले. तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापिले, पुस्तके छापली. (मुंबईतील त्यांची वास्तू पुढे कर्जापायी गेली, हेही विसरू नये.)

१९०२ मध्ये कलकत्त्यास गौहरजानचे ध्वनिमुद्रण झाले. सुमारे तीन मिनिटांत गाणे बसवायचे आणि अखेरीस इंग्रजीत आपले नाव सांगायचे! तबकड्या जर्मनीत तयार होत. कोणती कोणाची, हे तेथील कारागिरांस कळावे म्हणून ही योजना.

मला मात्र नाव सांगण्याचा संकोच वाटला. पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी एका संस्थेने माझ्या मैफलीची ध्वनिफीत विक्रीस काढली. वेष्टनावर रागाचे नाव होते, संस्थेचे होते. माझे नव्हते, तबलजींचेही नव्हते. बिदागी 'पुढील खेपेस' मिळणार होती. दाद कशाच्या आधारे मागावी? लेखी काहीच नव्हते. तबलजींना मी पदरचे पैसे दिले, तेही अर्धेच. ते आज हयात नाहीत. उरलेली रक्कम माझ्याकडेच राहिली, असे मी समजतो.

१९९४ च्या दुरुस्तीने कलावंताचा आपल्या सादरीकरणावरील हक्क कायद्यात आला. तरीही चार ओळींचे पत्र आधी घ्याच: दिवस, वेळ, बिदागी, साथीदारांची बिदागी, प्रवासखर्च, आणि चित्रीकरण झाल्यास ते कोठे दाखविले जाईल.

परिचयपत्रात गुरूंचे नाव आणि तालमीची वर्षे द्यावीत. 'सुप्रसिद्ध' हे विशेषण दुसऱ्याने लावावे. मोबाइलवरून ध्वनिचित्रफीत पाठवाल, तर टाळ्या मिळालेली तान कापून पाठवू नका. एकच बंदिश, सहा-सात मिनिटांची, तानपुरा स्पष्ट ऐकू येईल अशी पाठवा. जाणत्या आयोजकास तुमचा षड्ज कसा लागतो ते ऐकावयाचे असते. खाली साथीदारांची नावे हवीतच. सभागृहात तासभर आधी पोहोचा; ध्वनिक्षेपक सांभाळणाऱ्याशी गोड बोला, कारण त्या संध्याकाळी तुमचा आवाज त्याच्या बोटांत असतो.

आणि प्रथम मोठे व्यासपीठ शोधू नका. येथील वाचनकक्षात पन्नास माणसे बसतात, सायंकाळी सातनंतर तो रिकामाच असतो. ग्रंथपालांना मी विचारून ठेवले आहे. पहिल्या बैठकीस कोण गाणार, ते बाहेर पडताना त्यांच्या वहीत लिहून जा, साथीदारांच्या नावांसह.