लेआउटवर फील्ड मांडताना

फाइलमेकरसारख्या डेटाबेसमध्ये माहिती टेबलात साठते; लेआउटवर ती फक्त दिसते. म्हणून एकच फील्ड यादीत बारीक, तर पावतीवर ठळक ठेवता येते. लेआउट मोडमध्ये फील्ड निवडून अलाइन केली, की त्यांच्या कडा एका रेषेत येतात. नावे डावीकडे, आकडे उजवीकडे टेकवावेत. इन्स्पेक्टर या फील्डचे स्वरूप ठरवण्याच्या खिडकीतून रकमेला दोन दशांश स्थळे दिली, तरी साठवलेला आकडा बदलत नाही. बेरीज मूळ आकड्यांचीच होते, त्यामुळे छापील बेरजेत एखाद्या पैशाचा फरक दिसू शकतो. तो टाळायचा असेल, तर राउंड फंक्शन वापरा. आणि फील्डची जागा बदलल्यावर टॅब ऑर्डर जरूर तपासा, म्हणजे माहिती भरताना कर्सर भलतीकडे उडी मारणार नाही.